‘गुपचूप’ लग्न म्हणायचं की दुसरा शब्द आहे?

धरमपेठकर : नीरज चोप्राने १९ जानेवारी २०२५ ला इन्स्टाग्रामवर लग्नाचे फोटो टाकले तेव्हापासून जिथे पहा तिथे ‘गुपचूप लग्न उरकलं’. अरे, त्याने स्वतः फोटो टाकले, नवरी हिमानीचं नाव लिहिलं, घरचे मांडवात होते, मग गुपचूप काहून? पेपरवाल्यांना आमंत्रण नव्हतं एवढंच ना. खेळाडू आपलं जमलेलं कोणाला सांगत नाही तर त्याला बरोबर शब्द कोणता?

ठेलेवाला : आपल्या नागपुरात गुपचूप म्हणजे पाणीपुरी बावा. मला वाटलं लग्नात ठेला लावला होता.

महालवाला : गुपचूपला दोष नका देऊ, आपण पोट्ट्यांना ‘गुपचूप बस’ म्हणतोच ना, त्यात आवाज नाही एवढंच येते. ‘चोरून’ म्हटलं की मात्र काही चुकीचं केल्याचा वास येते. न् ‘लफडं’, ‘भानगड’, ‘चक्कर’ तर बाहेरच्यांनी लावलेले शब्द, ज्याचं आहे तो कधी म्हणते काय की माझी भानगड चालू आहे? बॅडमिंटनवाल्या सायना नेहवाल न् पारुपल्ली कश्यपसाठी माझा शब्द ‘ताकास तूर लागू न देणे’. दोघं हैदराबादला कोच गोपीचंदच्या अकॅडमीत होते, टूर्नामेंटही बरेचदा एकच, एवढ्या लोकांसमोर वर्षानुवर्षं राहायचं न् थांगपत्ता लागू द्यायचा नाही, लग्नाची बातमी बाहेर आली ती थेट २०१८ मध्ये, न् १४ डिसेंबरला लग्न! याला कसब लागते, न् ते कसब त्या वाक्प्रचारात आहे, गुपचूपमध्ये नाही.

जामठा_एंड : बुमराहला नाही चालत पण. मार्च २०२१ ला इंग्लंडविरुद्धची चौथी टेस्ट सोडली, बोर्डाने ‘वैयक्तिक कारण’ सांगितलं न् इकडे लोकांनी लग्न ठरवूनही टाकलं, नवरीसुद्धा भलतीच शोधली. १५ मार्चला गोव्यात संजना गणेशनशी झालं तेव्हा कळलं. म्हणजे संशय सगळ्यांना, तो फक्त बोलला नाही. ‘वाच्यता न करणे’ म्हणा.

महालवाला : वाच्यता म्हटलं की कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटते बे.

धंतोलीची_काकू : खरं लपूनछपून पाहिजे असेल तर सचिनचं घ्या. अंजली पहिल्यांदा त्याच्या घरी गेली ती पत्रकार आहे असं सांगून! मे १९९५ मध्ये लग्न झालं, न् आता तो किस्सा ते हसून सांगतात. तेव्हा ‘लपूनछपून’ला गंमतही आहे, चोरूनसारखा काळा रंग नाही. नीरजसाठी मी ‘गाजावाजा न करता’ म्हणेन.

धरमपेठकर : काकू, ‘बोभाटा न करता’ चालेल काय?

धंतोलीची_काकू : नाही रे. गाजावाजा माणूस स्वतःच्या लग्नाचा करते, बँड लावते, पत्रिका वाटते. बोभाटा लोक करतात. म्हणून नीरजने ‘गाजावाजा न करता’ लग्न केलं, न् सायना-कश्यपने ‘बोभाटा होऊ न देता’ निभावलं. ‘न करता’ आणि ‘होऊ न देता’, इथेच सगळा फरक आहे.

जामठा_एंड : म्हणजे हेडलाइन अशी, ‘गाजावाजा न करता नीरजचं लग्न’.

ठेलेवाला : क्लिक कोण करणार त्याच्यावर?