तासगाव: ९,१०,५०० चं कोटेशन हातात आहे, भाव कुठे करायचा?

मणेराजुरी_मास्तर

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरात २०१४ ची पेट्रोल वॅगन आर आहे. आईला दर महिन्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, तिला मागच्या सीटवर नीट टेकून बसता यावं म्हणून नवी गाडी घ्यायचं ठरवलंय. १,१९७ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार मीटरच्या आतली. मॉडेल ठरलंय, त्याबद्दल प्रश्न नाही. प्रश्न पैशांचा आहे.

सांगलीतल्या एका शोरूमनं दिलेलं कोटेशन: एक्स-शोरूम ७,२०,०००. आरटीओ ९४,०००. इन्शुरन्स ४७,५००. एक्स्टेंडेड वॉरंटी १४,९००. अ‍ॅक्सेसरीज किट १८,५००. कोटिंग ६,५००. हँडलिंग ८,५००. फास्टॅग ६००. एकूण ऑन-रोड ९,१०,५००. यावर "सर, फक्त तुमच्यासाठी" म्हणून १५,००० सूट देतायत, पण बुकिंग आजच करा म्हणतात.

जुन्या गाडीला एक्स्चेंजमध्ये १,७०,००० आणि वर २०,००० बोनस. शेजारचे एक द्राक्षबागायतदार तीच गाडी २,१०,००० ला मागतायत.

सहा लाख कर्ज लागेल, पाच वर्षांसाठी. शोरूमवाले साडेपाच टक्क्यांनी करून देतो म्हणतात, आमची शिक्षक सोसायटी नऊ टक्के लावते. साडेपाच म्हटल्यावर घरचे सगळे शोरूमकडे झुकलेत.

मेहुण्यांचं मत वेगळंच आहे. ते म्हणतात नवीन घेऊच नका, सेकंड हँड बघा. कुठून सुरुवात करू?

विटा_एसटी_स्टँड

सर, आज बुकिंग करू नका एवढंच आधी सांगतो. त्याच गाडीचं कोटेशन कोल्हापूर आणि कराडमधून घ्या, फोनवर नाही, छापील किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. रोड टॅक्स राज्यभर सारखाच आहे, आणि गाडी कोल्हापुरातून उचलली तरी तुमच्या पत्त्यावर एमएच-१० चा नंबर मिळतो. एमएच-०९ लागेल ही भीती काढून टाका. शक्यतो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा, टार्गेट अपुरं असलं की मॅनेजर स्वतः उठून टेबलाशी येतो. शिक्षकांसाठी बऱ्याच कंपन्यांची वेगळी सूट असते. ओळखपत्र दाखवून विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

विश्रामबागकर_ताई

सर, मी बरीच वर्षं शोरूमच्या आरटीओ-इन्शुरन्स डेस्कवर काम केलं आहे, अशी कोटेशनं रोज माझ्या हातून जायची. त्यामुळे सविस्तर लिहिते, थोडं लांबेल.

सूट मागू नका. सूट हा एकच शब्द तोंडातून गेला की सगळं बोलणं त्या पंधरा हजारांभोवती फिरतं आणि बाकीचा कागद तसाच राहतो. ऑन-रोड हा एक आकडा धरून बोलणंही सोडा. तुमचा कागद मी ओळीओळीनं बघते.

एक्स-शोरूम किंमत कंपनीच्या वेबसाइटवरून, महाराष्ट्र आणि तुमचं नेमकं व्हेरिएंट निवडून ताडून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन सरळ १८ टक्के झाला. ती कपात किमतीतच आली पाहिजे. कोणी "जीएसटी बेनिफिट" असा वेगळा आकडा सूट म्हणून दाखवत असेल तर तो मोजू नका. तो सरकारनं कमी केलेला कर आहे, शोरूमनं काही सोडलेलं नाही.

आरटीओ. वैयक्तिक नावावर, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. ७,२०,००० चे ११ टक्के ७९,२०० होतात. नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, वर स्मार्ट कार्ड, सेस असं किरकोळ. सगळं धरून ८४ हजारांच्या पुढे जायचं कारण दिसत नाही. तुम्हाला ९४ सांगितलेत. टॅक्स वाहन पोर्टलवर भरला जातो आणि त्याची पावती निघते. शांतपणे एवढंच म्हणा, "पावतीवर जो आकडा येईल तोच देईन." आमच्या डेस्कवर हे वाक्य आलं की वरचे दहा हजार त्याच दिवशी कागदावरून जायचे. नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर तेही देऊ नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते.

इन्शुरन्स. शोरूमचा खरा नफा इथे आहे, म्हणून सगळ्यात जास्त घाबरवणंही इथेच होतं. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून. त्याचा दर सरकारनं ठरवलेला: १,००० ते १,५०० सीसीला १०,६४०, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साधारण साडेबारा हजार. इथे कोणीही काही कमी-जास्त करू शकत नाही. उरलेले ३५ हजार गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेज विम्याचे आहेत आणि तिथे कंपनीगणिक भरपूर फरक पडतो. आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, नव्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्क्यांच्या आसपास असते. ती तीच ठेवून, झिरो डेप (पार्टचा घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट घालून तीन कंपन्यांचे दर ऑनलाइन काढा. आयडीव्ही कमी करून स्वस्त दिसणारी पॉलिसी घेऊ नका. इंजिन प्रोटेक्ट मात्र सांगली जिल्ह्यात राहून सोडू नका. पाण्यात इंजिन बसलं तर साधी पॉलिसी हात वर करते.

"बाहेरून घेतली तर कॅशलेस मिळणार नाही" असं सांगतील. कॅशलेस हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. अमुकच पॉलिसी घ्या अशी सक्ती शोरूमला करता येत नाही.

आणि एक मोठी गोष्ट, जी तुम्ही लिहिलेली नाही. वॅगन आरवर पाच वर्षं क्लेम नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी) ५० टक्के आहे. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी गाडी विकलीत की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के कमी होतात. ४७,५०० च्या कोटेशनमध्ये हा बोनस धरलेला नसणार, त्यांनी तुम्हाला विचारलेलंच नाही. क्रम लक्षात ठेवा: आधी जुनी विका, मग पत्र, मग नवी पॉलिसी.

हँडलिंग ८,५००. ही सरकारी फी नाही. गाडी शोरूमपर्यंत आणणं हे विक्रेत्याचं काम आहे. काढायला सांगा. नाही म्हणाले तर "मग बिलावर याच नावानं लिहून द्या" म्हणा. किट आणि कोटिंग मिळून पंचवीस हजार आहेत. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप सांगलीत बाहेर हवं तसं निवडून लावता येतं. "किटशिवाय गाडी मिळत नाही" हे वाक्य खोटं आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही, उलट तुमच्यासारख्या दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्यानं घ्यावी. पण मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही घेता येते, दर वाढू शकतो एवढंच. आज सही करायची घाई नको.

आता बघा, पंधरा हजारांची सूट देऊन त्यांनी काय वाचवलं होतं. आरटीओत दहा, हँडलिंग साडेआठ, किट-कोटिंग पंचवीस, आणि इन्शुरन्समधला फरक वेगळाच.

कर्जाचं मला मनापासून सांगायचंय, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. तो साडेपाच टक्के फ्लॅट दर आहे का, विचारा. सहा लाख, पाच वर्षं, साडेपाच फ्लॅट: व्याज १,६५,०००, हप्ता १२,७५०. सोसायटीचा नऊ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता साधारण १२,४५५ आणि पूर्ण पाच वर्षांचं व्याज १,४७,३०० च्या आसपास. म्हणजे नऊ टक्के साडेपाचपेक्षा स्वस्त आहे! फ्लॅटमध्ये पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवर व्याज लागतं, तुम्ही निम्मे फेडले तरी. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना कर्जाआधी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात एपीआर म्हणजे सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. शोरूमवाल्याकडे तो कागद मागा. घरच्यांना गणित करून दाखवा, झुकलेले परत येतील. सोसायटीला मात्र एकदा विचारून घ्या की नऊ घटत्या शिलकीवरच आहेत ना.

जुनी गाडी शेजाऱ्यांना द्या. वीस हजार तिथेच वाढतात. काही शोरूम गाडी बाहेर विकली तरी बदललेलं आरसी बुक दाखवल्यावर एक्स्चेंज बोनस देतात. आधी विचारा, आणि हो म्हणाले तर कोटेशनवर लिहून घ्या.

कुपवाड_गॅरेज

गुरुजी, ताईंनी पैशाचं सगळं सांगितलंय, मी लोखंडाचं सांगतो.

मेहुण्यांना सांगा, सेकंड हँड घेणं चूक नाही, पण आपल्या जिल्ह्यात बघून घ्यावी लागती. २०१९ च्या ऑगस्टात नि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी कुठंकुठं चढलं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यावेळी पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या धुवून, पॉलिश मारून अजून फिरतायत. २०२१ च्या आधीची गाडी असली तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, खालच्या टोकाला चिखलाचा डाग राहिलेला असतो. सीटचे बोल्ट बघा, आतल्या बोल्टला गंज येत नसतो. गालिचा उचलून खाली बोट फिरवा, गाळ बारीक पिठासारखा लागतो. डॅशबोर्डखाली वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर असला की सोडून द्या, किती बी स्वस्त असू दे. ती गाडी आज चालती, पुढच्या पावसाळ्यात एकेक सेन्सर मारायला लागती. नंबरावरनं अधिकृत वर्कशॉपची सर्व्हिस हिस्ट्री काढा, त्यात त्या दोन महिन्यांनंतर मोठं बिल आहे का बघा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर बोजा, मालकाचा क्रमांक, विमा, सगळं दिसतं.

नवी घेतली तर एकच हट्ट धरा. पासिंगच्या, म्हणजे आरटीओ नोंदणीच्या आधी, यार्डात जाऊन, दिवसा उजेडी गाडी बघायची. एकदा नंबर पडला की ती गाडी तुमची, मग दरवाजाला रंग मारलेला सापडला तरी भांडत बसा. चासी नंबर नि उत्पादनाचा महिना बिलाच्या आधी लेखी घ्या, पुढं फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, तोच आला पाहिजे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाची टायर बघा, स्टेपनी बी. काचांवरचे कोड सारखे आहेत का, बोनेटचे बोल्ट पाना लावलेले दिसतात का, रनिंग किती आहे. आईला घेऊन जा, मागं बसवा. त्यांना पाय उचलून चढायला जमतंय का, ते तिथंच कळंल.

मणेराजुरी_मास्तर

ताई, दादा, मनापासून आभार. शोरूमला फोन केला. साडेपाच फ्लॅटच होता. आरटीओची पावती मागितल्यावर "बघतो सर" म्हणाले, हँडलिंग काढायला तयार झाले, किटवर अडून आहेत. कोल्हापूरचं कोटेशन उद्या येतंय. दोन शंका राहिल्यात. थोडी रक्कम रोख दिली तर चालेल का, त्यांचा एक्झिक्युटिव्ह बुकिंगचे पैसे त्याच्या नंबरवर पाठवा म्हणतोय. आणि शेजाऱ्यांना गाडी देताना कागद कोणते?

विश्रामबागकर_ताई

सर, एक्झिक्युटिव्हच्या नंबरवर एक रुपयाही नको. तो मुलगा चांगला असेलही, पण उद्या त्यानं नोकरी सोडली तर ते पैसे कुणाचे? बुकिंग असो की पूर्ण रक्कम, फर्मच्या खात्यावर, आणि त्याच दिवशी पावती. पावतीवर बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार तेही लिहून घ्या. रोख टाळाच. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे.

शेजाऱ्यांसाठी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दोघांची ओळखपत्रं, विमा आणि पीयूसी चालू. वॅगन आरवर जुना बोजा राहिला असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. गाडी ताब्यात दिली त्या क्षणाची डिलिव्हरी नोट करा, तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, त्यांची सही घ्या. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते शेजाऱ्यांवर सोडू नका. घरोबा कितीही असला तरी आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत चलन आणि अपघात तुमच्या दारात येतात. नाव बदललेलं आरसी हातात आलं की त्याची प्रत एनसीबीच्या पत्रासाठी विमा कंपनीला द्या.

किटवर अडून राहिले तर कोल्हापूरचं कोटेशन समोर ठेवा आणि उठा. त्यांनी तरीही लेखी "किट सक्तीचं" म्हटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. माझा अंदाज आहे की ते लेखी देणारच नाहीत.

मणेराजुरी_मास्तर

कोल्हापूरचं आलं. आरटीओ ८३,४००, किट नाही, हँडलिंग नाही, शिक्षकांची सूट वेगळी दाखवली आहे. सांगलीवाल्यांना तोच कागद पाठवलाय, शनिवारी आईला घेऊन दोन्हीकडे यार्डात जातोय.