मदत हवी आहे: उपवासकाळाचे संकल्प दरवर्षी मोडतात, यंदा काय धरू?

नमस्कार मंडळी, मी वसईची, वय 23, अंधेरीला नोकरी. 18 फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आलाय आणि मला आत्तापासूनच टेन्शन. गेल्या वर्षी कपाळावर राख घेऊन घरी आले आणि त्याच रात्री जोशात वहीत सात संकल्प लिहिले, मच्छी-मटण बंद, गोड बंद, इन्स्टा बंद, रोज सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना), रोज रोझरी (जपमाळ), आईवर चिडायचं नाही, सातवा तर आता आठवत पण नाही. दहाव्या दिवशी ऑफिसात कोणाचातरी बर्थडे, केकचा तुकडा तोंडात गेल्यावर आठवलं की अरे आपलं गोड बंद आहे. मग काय, एक मोडला तर बाकीचे धरून काय उपयोग म्हणून सगळंच सोडलं, आणि गुड फ्रायडेला क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची, गुडघे टेकत करायची प्रार्थना) करताना गुडघ्यापेक्षा लाजच जास्त टोचत होती.

दुसरा प्रॉब्लेम मच्छीचा. शुक्रवारी मटण-चिकन नाही हे ठीक, पण त्या दिवशी आमच्याकडे पापलेट तळतात!! यात त्याग कसला? आणि ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो का, त्यांना काय सांगू.

तर संकल्प एकच धरू का? रविवारी सूट असते का? आणि मोडला की पुढे काय? प्लीज लेक्चर नको, ज्यांनी खरंच निभावलंय त्यांनी सांगा.

बावखल: साबुदाणा खुशाल खा सांगायचं 😄 रविवारचं म्हणशील तर राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरचा आदला दिवस) मोज, 46 दिवस होतात. सहा रविवार वजा केले की 40. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा म्हणून उपासात धरत नाहीत. पण तुझा संकल्प तूच घेतलास ना, मग सूट घ्यायची की नाही ते आधीच ठरव, रविवारी सकाळी ताटाकडे बघून नको.

गिरीजची आंटी: बाय, सात म्हणजे फारच झाले ग. चर्च सक्तीने मागते ते किती थोडं आहे बघ, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपास, तोही 18 ते 59 वयाला, एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं. बाकी आपण आपल्या मनाने. मी चार वर्षं एकच धरते, चहात साखर नाही. दुसऱ्या वर्षी एका लग्नाघरी विसरून प्यायले, दुसऱ्या दिवशी परत बिनसाखरेचा सुरू केला, संपलं. तू ट्रेनने जातेस ना? मग 'इन्स्टा बंद' असं मोघम नको. वसईला गाडीत चढलीस की बोरिवली येईपर्यंत फोन बॅगेत, एवढंच धर. खाडीच्या पुलावर जपमाळेचा पहिला दशक (दहा मण्यांचा भाग) होतो, माझा व्हायचा. आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर जे खातेस त्याचे पैसे डब्यात टाक, ईस्टरच्या आधी कोणा गरजूला दे. प्रार्थना, उपवास, दान, तिन्ही त्यातच आले.

धागाकर्ती: आंटी हे जमेल असं वाटतंय, बोरिवलीचं फिक्स. सीट नाही मिळाली तरी फोन बॅगेतच 😭 रविवारी ऑफिस नसतंच त्यामुळे तो प्रश्नच मिटला. पण शुक्रवारी सुकटाची चटणी?

गिरीजची आंटी: नियमाने चालते. पण तू पापलेटावरून एवढी भांडलीस, आता चटणीला का विचारतेस?

धागाकर्ती: कारण आई आत्ताच पाट्यावर वाटतेय 🙈