पांडुरंग सांगवीकरचे पोरवय नेमके कुठे संपते? आपले अनुभव सांगावेत

जळगाव

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि आपली गोष्ट सांगणारा पांडुरंगही पंचविशीतच होता. यावल तालुक्यातली सांगवी हे नेमाड्यांचे जन्मगाव आपल्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेले आहे. त्यामुळे पांडुरंग घर सोडतो, पुण्यात राहतो आणि पदवी न घेता गावी परततो, हा प्रवास आपण जरा जास्तच आपला मानतो. यंदा उन्हाळ्यात मी ती तिसऱ्यांदा वाचली आणि असे जाणवले की, मुलाचा पुरुष होण्याच्या बहुतेक गोष्टींत प्रेम, शरीर किंवा बंड यांपैकी काहीतरी निर्णायक ठरते, तसे येथे होत नाही. येथे धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि त्यानंतर पांडुरंगच्या बोलण्यातला हसरा सूर पूर्वीसारखा राहत नाही. मला तरी त्याचे पोरवय तिथेच संपलेले दिसते. आपल्याला ते कुठे संपलेले दिसले, आणि ते वाचताना स्वतःच्या आयुष्यातले काय आठवले, हे कृपया सविस्तर लिहावे.

यावल तालुका

मनीचे प्रकरण मी १९७४ साली जळगावला कॉलेजात असताना वाचले आणि पुस्तक मिटून वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन बसलो. त्याआधी आठ वर्षे, मी बारा वर्षांचा असताना, माझी धाकटी बहीण देवीनेच गेली होती. आजच्या वाचकाला हे दूरचे वाटेल, कारण भारतातली देवीची साथ १९७५ मध्ये संपली. परंतु आमच्या लहानपणी दाराला लिंबाचा पाला बांधलेला दिसला की त्या घरापुढून मुले पळत जात. घरात देवी आल्या म्हणजे फोडणी द्यायची नाही, असा आमच्याकडे कडक नेम होता. आई पंधरा दिवस नुसते वरण उकडून वाढत होती. बहीण गेली तेव्हा मला नीट रडूही आले नाही; धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, जाऊन मी तिचे सागरगोटे मोजत बसलो होतो. पुढे काही दिवसांनी एका दुपारी शाळेतून आलो, तर चुलीवर तेल तापलेले होते आणि आईने त्यात मोहरी टाकली. तो तडतड आवाज ऐकला आणि ती आता परत येणार नाही हे मला कळले. आईने मागे वळून पाहिले नाही आणि मीही काही बोललो नाही. कादंबरीत मोठी माणसे आपापल्या कामाला लागतात आणि पांडुरंगला त्यांचा संताप येतो, तो संताप माझ्यापाशी त्या वयात नव्हता. तो मला त्या पानांनी दिला, आणि आईवर मनातल्या मनात रागावून झाल्यावरच मी तिला समजून घेऊ शकलो.

अमळनेर

आमच्या गावी साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, त्यामुळे ‘श्यामची आई’ आमच्या घरात देवघराशेजारी असे. ती मी दहाव्या वर्षी वाचली. ‘कोसला’ मात्र भावाने पुण्याहून आणलेली, त्याच्या पेटीतून काढून, सतराव्या वर्षी वाचली. पहिल्या पुस्तकातल्या आईने माझे बालपण जपले आणि दुसऱ्यातल्या मनीने ते माझ्याकडून काढून घेतले, असे मी म्हणेन. मनीसोबत तिचे गर्भाशय गेले, म्हणजे तिच्यापासून पुढे होणारी दुःखाची सगळी परंपराच थांबली, असे पांडुरंगच्या मनात येते. भावाच्या मनात बहिणीबद्दल असे येऊ शकते, हे वाचून मी हादरले; आणि मग हेही लक्षात आले की या कादंबरीत वयात येण्याची सवड मुलालाच आहे. मुलगी वयात येण्याआधीच जाते.

त्याच वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला झोक्यावर बसू दिले नव्हते. निंबाच्या फांदीला दोर बांधलेला होता, धाकट्या मुली गाणी म्हणत होत्या, आणि काकूने मला स्वयंपाकघरात पुरण वाटायला बसवले, कारण पाहुणे मला पाहायला येणार होते. पांडुरंगला नापास व्हायला कितीतरी वर्षे मिळाली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ती कादंबरी मला अतिशय प्रिय आहे. परंतु खानदेशातल्या मुलींनी ती वाचताना काय वाचले असेल, याचा विचार कुणीतरी करावा असे फार वाटते.

भुसावळ

माझे उत्तर निराळे आहे. मला पांडुरंगचे पोरवय मेसच्या हिशेबात संपताना दिसते. तो मेसचा सेक्रेटरी होतो, इतरांवर विश्वास टाकतो आणि खड्ड्यात जातो. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते आणि मी १९८९ साली पुण्याला गेलो. दर महिन्याला तीनशे रुपयांची मनीऑर्डर येत असे. दुसऱ्या वर्षी मेसचा हिशेब माझ्याकडे आला आणि वर्षअखेरीस अकराशे रुपयांची तूट निघाली. ज्यांच्यासोबत रोज चहा पीत होतो त्यांपैकी एकजणही त्या दिवशी खोलीवर आला नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेसने घरी आलो आणि तीन दिवस गप्प राहिलो. चौथ्या दिवशी वडिलांनी स्वतःहून विचारले, “किती?” मी आकडा सांगितला. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून पैसे दिले आणि त्यावर पुन्हा कधीही एक शब्द उच्चारला नाही. वडिलांनी रागवावे अशी माझी फार इच्छा होती. शंभरातल्या नव्याण्णवांना अर्पण केलेले ते पुस्तक मी त्याच सुटीत वाचले आणि त्या नव्याण्णवांत आपण आहोत, याचा मला कमालीचा आधार वाटला.

धुळे

वरील सर्वांशी मी नम्रपणे असहमत आहे. गावी परतलेला पांडुरंग आपल्यासारख्याच परतलेल्या पोरांच्या गप्पांत रमतो, तेव्हा त्याचा भाबडेपणा त्याला वेगळ्या रूपात परत मिळतो, असे मला वाटते. तो शेवटचा भाग घाईने वाचू नये.

चोपडा

मनीनंतर येणारा अजिंठ्याचा भाग वाचून मी मुलाला लेण्यांत घेऊन गेले होते. सव्विसाव्या लेण्यातल्या निजलेल्या बुद्धाच्या पायांशी तो बराच वेळ उभा राहिला आणि “हा झोपला आहे की गेला आहे?” असे त्याने विचारले. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी “झोपला आहे” असे उत्तर दिले. गेल्या वर्षी पुण्याला शिकायला जाताना त्याने माझी ‘कोसला’ सोबत नेली आणि दिवाळीनंतर एका रात्री फोनवर, बाकी काही न बोलता, त्याने एवढेच विचारले, “आई, तेव्हा खोटे का सांगितलेस?”