आखूड नळीला जलद दारू? मला नाही पटत

रिकामी_पुंगळी
'रायफलची नळी आखूड, १६ इंची आहे ना, मग बंदुकीची जलद जळणारी दारू घे.' काडतुसं स्वतः भरायला लागलेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. मलाही मिळाला होता. माझ्या मते दारू ठरते गोळीच्या वजनावर आणि पुंगळीतल्या, म्हणजे काडतुसाच्या कवचातल्या जागेवर. नळीचा नंबर फार मागे.

.३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसात दाबाचा कळस पहिल्या काही इंचांतच येऊन जातो. पुढची नळी त्या फुगणाऱ्या वायूला गोळी ढकलायला मिळते, एवढंच. म्हणून २४ इंचात जी दारू जास्त वेग देते, तीच बहुतेकदा १६ इंचातही देते. वेग उतरतो, पण जलद आणि मंद दोन्ही दारूंचा उतरतो.

वजनाचं तसं नाही. हलकी गोळी चटकन सरकते, मागची जागा वाढते, मंद दारूचा दाब चढतच नाही. जड गोळी अडून बसते. तिथे जलद दारू दिलीत तर दाब मर्यादेला टेकतो आणि वेग बेताचाच राहतो. .३०-०६ या काडतुसात १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळीला आयएमआर ४०६४ आणि १८० ग्रेनला त्याहून मंद एच ४३५० ही दारू घेतात ते उगाच नाही.

जाळ_आणि_धूर
कागदावर झकास. आता संध्याकाळी १६ इंची नळीतून मंद दारूचा बार काढून बघा. तोंडाशी हा एवढा भडका! शेजारच्या लेनवाला नेम सोडून तुमच्याकडे बघतो. थोड्याशा वेगासाठी एवढा तमाशा कशाला?

रिकामी_पुंगळी
भडका म्हणजे निव्वळ वाया गेलेली दारू नव्हे हो. बाहेर पडलेले गरम वायू हवेत मिसळून पुन्हा पेटतात. पण आखूड नळीच्या तोंडाशी दाब जास्त उरतो, आवाज कानठळ्या बसवतो, हे कबूल.

गॅरंडवाला
तुम्ही दोघं हाताने बोल्ट ओढायची रायफल धरून भांडताय. माझी एम १ गॅरंड वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरते; तिची नळी चांगली २४ इंची, तरी मंद दारू चालत नाही. वायूचं छिद्र नळीच्या टोकाशी असतं. मंद दारूचा दाब तिथवर टिकून राहतो आणि बोल्ट मागे सारणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं तिथला दाब मर्यादेत असला तरीही! म्हणून ४८९५ नाहीतर ४०६४ हीच दारू.

नवाच_आहे
जळण्याच्या वेगाचा तक्ता मिळालाय. शेजारच्या ओळीतली दारू तेवढ्याच वजनाची भरली तर?

गॅरंडवाला
अजिबात नाही! तक्ता फक्त क्रम सांगतो, दोन ओळींत अंतर किती ते नाही. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचा आकडा एकच, पण दारू वेगळ्या आणि मापंही वेगळी. उत्पादकाचं चालू माप बघायचं, खालच्या आकड्यापासून सुरू करायचं.

काटेकोर
मूळ मुद्द्यावर येतो. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस आखूड नळ्यांतून चालवतात आणि ११०-१२५ ग्रेनच्या गोळीमागे एच ११० ही जलद दारू भरतात. ती तर मॅग्नम पिस्तुलांची दारू. झाली ना नळीवरून निवड?

रिकामी_पुंगळी
नाही, पुंगळीवरूनच झाली! एवढ्याशा पुंगळीत मंद दारू पुरेशी मावतच नाही. त्याच काडतुसाला लांब नळी लावा, दारू बदलाल का?

काटेकोर
बदलणार नाही. पण पुंगळी मुळात आखूड नळी डोळ्यांपुढे ठेवूनच बेतलीय. म्हणजे नळी मागच्या दाराने आत आलीच की.

जाळ_आणि_धूर
काल गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावून बसलो. तीच १६ इंची .३०८, तीच १६८ ग्रेनची गोळी, दोन्ही दारूंचे दहा-दहा बार. मंद दारू सरासरी २६ फूट प्रति सेकंद पुढे. रिकामी_पुंगळी, वेगाचं तुमचं खरं निघालं. पण सातव्या बारापासून मी घोडा दाबण्याआधीच डोळे मिटायला लागलो होतो, आणि टार्गेटवर ते स्पष्ट दिसतंय. मंद दारूचा उरलेला डबा २४ इंची नळी असलेल्या मित्राला देतोय.