गावात ५जी आलं, पण घरात शिरलं की ४जी. दोष फोनचा की टॉवरचा?

प्रश्न: रस्त्यावर ५जी दिसतं, आतल्या खोलीत गायब होतं. सिम बदलावं का?

उत्तर १: सिम बदलू नका, चालू ४जी सिम बहुतेक पुरतं. आधी फोन कोणते बँड (लहरींचे ठरावीक पट्टे) पकडतो ते पाहा. शहरांतला मुख्य वेग एन७८ या बँडवर, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास मिळतो. ही लहर आरसीसी भिंतीत लवकर मरते. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ पण आहे. तो आत पोचतो, पण जेमतेम १० मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे वेगाची फार आशा नको.

उत्तर २: जिओचं ५जी स्टँडअलोन (एसए) आहे, म्हणजे ४जीच्या आधाराविना चालतं. फोनमध्ये एसए चालू नसेल तर टॉवरच्या खाली उभे राहूनही ४जीच दिसेल, तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट करा. एअरटेलने सुरुवात एनएसएने (नॉन-स्टँडअलोन) केली. त्यात ४जीचा आधार लागतो, तो सुटला की ५जीही जातं.

उत्तर ३: अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल करून सिग्नल बघा (काही कंपन्या हे बंद ठेवतात). तो डीबीएम या एककात दिसतो; उणे ११० च्या खाली (म्हणजे उणे ११५ वगैरे, कमजोर) असेल तर खिडकीजवळ जा. सिग्नल भरपूर आणि वेग नाही, तर टॉवरवर गर्दी असेल किंवा त्याला फायबर पोचलेली नसेल. मग सेटिंग चाळून उपयोग नाही.