युरोव्हिजन २०२३: प्रेक्षकांत फिनलंड पहिलं, मग करंडक स्वीडनला कसा?

निशाचर
युरोव्हिजन या देशोदेशीच्या गाण्यांच्या स्पर्धेच्या लिव्हरपूलमधल्या अंतिम फेरीत प्रेक्षकांचे गुण असे होते: फिनलंडचा कॅरिया ('चा चा चा') ३७६, स्वीडनची लोरीन ('टॅटू') २४३. तरी ज्युरीचे (परीक्षकांचे) गुण धरून बेरीज ५२६ विरुद्ध ५८३ आणि जिंकलं स्वीडन. ज्युरीने एवढी दरी कशी पाडली? आणि फिनलंडला यात काही करता आलं असतं का? 'शेजारी शेजाऱ्याला मत देतात' हे उत्तर कृपया नको, दोघंही एकमेकांचे शेजारीच आहेत.

गोळाबेरीज
प्रत्येक देश गुणांचे दोन वेगळे संच देतो, एक ज्युरीचा आणि एक प्रेक्षकांचा. संचात पहिल्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत. अकराव्या गाण्यापासून पुढे सगळे शून्यावर. स्वतःच्या देशाला मत नाही. त्या वर्षी ३७ देश होते, म्हणजे ज्युरीकडून जास्तीत जास्त ३६ × १२ = ४३२. प्रेक्षकांत 'उर्वरित जग' हा स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या ऑनलाइन मतांचा संच धरून ४४४.

आता ज्युरीचे आकडे बघा: स्वीडन ३४०, इस्राएल १७७, इटली १७६, फिनलंड १५०. खरी गंमत इथे आहे. फिनलंड ज्युरीत आपटलं नाही, चौथं आलं. पण ज्युऱ्यांचे मोठे गुण एकाच गाण्यावर एकवटले आणि बाकीचे विखुरले. आणि प्रेक्षकांतही स्वीडन दुसरं होतं (तिसरं नॉर्वे, २१६). त्यामुळे 'ज्युरीने लादलेला विजेता' हे मला पटत नाही. स्वीडनचा आकडा शेवटी जाहीर झाला तेव्हा पुढे जायला १८७ हवे होते, मिळाले २४३.

तालवेडा
यात गाण्याचाही वाटा आहे. ज्युरीत तेव्हा प्रत्येक देशाचे संगीतक्षेत्रातले ५ जण असत. ते शनिवारचा कार्यक्रम नव्हे, आदल्या रात्रीची रंगीत तालीम बघून सगळी गाणी क्रमाने लावतात. निकष चार: रचना व नावीन्य, मंचावरचं सादरीकरण, गळ्याची ताकद, एकूण ठसा. 'चा चा चा'चा बराच भाग ओरडून म्हटलेला रॅप आणि इंडस्ट्रियल मेटल (यंत्रांसारख्या खडखडाटाचं जड रॉक), मग शेवटाकडे एकदम गोड पॉप. नावीन्यात भरपूर, गळ्यात बेताचं. मागचे कोरसचे आवाज २०२१ पासून ध्वनिमुद्रित चालतात, पण मुख्य गायकाला थेटच गावं लागतं. तिथे लोरीनचे लांब धरलेले वरचे सूर भाव खाऊन गेले.

दुसरं म्हणजे प्रेक्षकाला विरोधात मत देता येत नाही. ज्याला गाणं असह्य झालं त्याचा हिशोबच नाही, आणि ज्याला आवडलं तो तेव्हा २० मतं देऊ शकत होता. ज्युरर मात्र नावडतं गाणं विसाव्या क्रमांकावर टाकतो. २०१८ पासून वरच्या क्रमांकांना जास्त वजन असल्याने एकट्याच्या खुन्नसने गाणं बुडत नाही, पण पाचही जणांनी मधे कुठेतरी ठेवलं की हाती भोपळा.

निशाचर
धन्यवाद, आकडे उलगडले. मग ५०-५० ऐवजी वेगळं प्रमाण असतं तर?

गोळाबेरीज
प्रेक्षकांत फिनलंड १३३ ने पुढे, ज्युरीत १९० ने मागे. १९० ÷ (१९० + १३३) = साधारण ०.५९. म्हणजे प्रेक्षकांना ५९ टक्के वजन दिलं की निकाल फिरतो. ६०-४० ला फिनलंड २८५.६, स्वीडन २८१.८.

म्हणून माझ्या मते चूक, म्हणायचीच तर, निवडपद्धतीत शोधावी. फिनलंड आपलं गाणं 'यूएमके' या देशांतर्गत स्पर्धेतून निवडतं, तिथे प्रेक्षकांना ७५ टक्के आणि आंतरराष्ट्रीय ज्युरीला २५ टक्के. स्वीडनच्या तशाच 'मेलोडीफेस्टिवालेन'मध्ये निम्मे-निम्मे, म्हणजे मुख्य परीक्षेचीच पूर्वपरीक्षा. फिनलंडचा तोवरचा एकमेव विजय (लोर्डी हा बँड, २००६) निव्वळ प्रेक्षकमतांच्या काळातला आहे. ज्युरी अंतिम फेरीत परतली ती २००९ मध्ये.

तालवेडा
निवडपद्धत बदलायला माझा विरोध. ७५-२५ नसतं तर 'चा चा चा' लिव्हरपूलला पोचलं असतं याची खात्री कोण देणार? शिवाय प्रेक्षकप्रिय गाण्याचा फायदाही असतो: उपांत्य फेरीत त्या वर्षी फक्त प्रेक्षकांची मतं होती, तिथे फिनलंड १७७, स्वीडन १३५. बदलायचंच तर शेवटच्या पॉपमधली स्वरपट्टी थोडी ताणून गायकाला गळा दाखवायला जागा द्यायची. गाण्याला तीन मिनिटांची मर्यादा असल्यामुळे ती जागा रॅपमधूनच काढावी लागली असती. तेवढ्याने ५७ ची दरी भरली असती असं मात्र वाटत नाही.