मदत हवी आहे: हॉटेलच्या खोलीला मी झोपलेली दिसतच नाही

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे. पण अर्धवट सांगितलं तर "एसी रिमोटने लावा ना" असेच प्रतिसाद येतील, म्हणून सगळंच सांगते.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी एका मोठ्या शहरातल्या अगदी नव्या हॉटेलात ३ रात्री राहिले. पुढच्या महिन्यात तिथेच ५ रात्री काढायच्या आहेत. बुकिंग ऑफिस करतं, हॉटेल बदलून मिळणार नाही, विचारून झालंय. तेव्हा "दुसरीकडे राहा" हा सल्ला कृपया नको.

हॉटेल वाईट नाही, हे आधीच कबूल करते. स्वच्छ आहे, माणसं अदबशीर आहेत, आणि गादी अशी की आडवी पडल्यावर घरच्या गादीबद्दल वाईट वाटावं. चौदावा मजला, एक अख्खी भिंत काचेची. अडचण अशी की त्या खोलीत बटणंच नाहीत. पलंगाशेजारी एक काळी गुळगुळीत पट्टी आहे, तिच्यावर बोट ठेवलं की काहीतरी होतं. वाचायचा दिवा लावायला गेले तर पडदे सरकायला लागले. पडदे थांबवायला गेले तर बाथरूमचा दिवा लागला, आणि बाथरूमची भिंतही काचेची, त्यामुळे खोलीभर लख्ख उजेड. (ही काचेची बाथरूम नक्की कोणी आणि कोणासाठी काढली, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

हे सगळं चालवून घेतलं असतं. खरा घोळ एसीचा.

पहिल्या रात्री झोप लागून तासभर झाला असेल-नसेल, घामाने जाग आली. भिंतीवरच्या पॅनेलवर २२ दिसत होतं, पण वारा नाही, आवाज नाही, काही नाही. खिडकी उघडत नाही. चौदाव्या मजल्यावर ती उघडू नये हे समजतं, पण मग हवा यायची कुठून? पॅनेल दाबून पाहिलं, ढिम्म. वैतागून बाथरूमला जाऊन आले तर एसी सुरू! मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. झोपले. पाऊण तासाने पुन्हा घाम.

तिसऱ्यांदा जाग आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दारातून आत येताना जो बोळ लागतो, त्याच्या छतावर एक पांढरी टिकली होती. सेन्सर. कोणी हललं की त्याला वाटतं माणूस आहे, हललं नाही की खोली रिकामी. मी पलंगावर उठून बसले आणि बस थांबवायला करतात तसा त्याच्या दिशेने हात केला. काही झालं नाही. दोन्ही हात हलवले. शेवटी उठून बोळात जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे साहेबांनी दखल घेतली. त्या रात्री एकूण पाच वेळा उठले.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला सांगितलं. "मॅडम, वीज वाचवायची ऑटोमॅटिक सिस्टिम आहे, खोलीचं कार्ड काढून परत घालून पाहा." पाहिलं. मग मेंटेनन्सचा माणूस आला, त्याने पॅनेलशी खटपट केली, इकडेतिकडे फिरून तपासलं, म्हणाला, "चालू आहे, मॅडम." तो खोलीत होता तोवर एसी उत्तम चालला. चालणारच, तो हलत होता.

तिसऱ्या रात्री ३ वाजून १० मिनिटांनी मी चपला घालून खाली गेले आणि रिसेप्शनवरच्या मुलाला नको नको ते बोलले. पंचविशीचा असेल. ती सिस्टिम काही त्याने बसवली नव्हती. तो "सॉरी मॅडम" म्हणत राहिला, आणि मी गप्प झाल्यावर त्याने न मागता पाण्याची बाटली आणून दिली. त्याची मला अजून लाज वाटते. उरलेली रात्र लॉबीच्या सोफ्यावर बसून काढली. सकाळी ट्रेनिंगला मीच झोपेवर एक मुद्दा मांडला, विचारू नका.

आणि निघताना काउंटरवरच्या टॅबवर 'मुक्काम कसा झाला?' आलं, तिथे मी पाचपैकी चार तारे दिले. का दिले ते मला अजून कळलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी. माझे डोळ्यांचे थेंब थंड ठेवावे लागतात, म्हणून मिनीबारमधल्या (खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या) दोन बाटल्या बाजूला काढून जागा केली. एकही उघडली नाही, तरी दोन्ही बिलात आल्या. वाद घातल्यावर काढल्या. दुसरं, चेक-इनला माझ्या डेबिट कार्डावर 'डिपॉझिट' म्हणून रक्कम घेतली. खोलीचं भाडं ऑफिसने भरलं, किरकोळ बिल मी दुसऱ्या कार्डाने दिलं, आणि ते डिपॉझिट परत दिसायला ९ दिवस गेले. हॉटेल म्हणतं आम्ही पैसे घेतलेच नाहीत, बँक म्हणते हॉटेलने अडवलेत.

तर जाणकारहो, ५ रात्री मला झोप मिळेल असं आधीच काय सांगून ठेवू? कोणाला सांगू? आणि कार्डाचं काय करू?

प्रतिसाद १

टेबल फॅन मागवा, त्याला टॉवेल बांधा, बोळाकडे तोंड करून सोडून द्या. रात्रभर टॉवेल हलेल, सेन्सर खूश. फी नंतर पाठवा.

प्रतिसाद २

टॉवेलचा उपयोग होणार नाही. मी बरीच वर्षं हॉटेलांच्या इंजिनिअरिंग विभागात काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हे सेन्सर बहुतेक ठिकाणी इन्फ्रारेड प्रकारचे असतात. ते स्वतः काही सोडत नाहीत. आजूबाजूच्या उष्णतेत बदल झाला की टिपतात. माणसाचं अंग खोलीपेक्षा गरम, ते एका जागेवरून दुसरीकडे सरकलं की सेन्सरला कळतं. टॉवेल खोलीच्याच तापमानाचा, तो हलला काय नि न हलला काय. जाड दुलईखाली माणूस कुशीवर वळला तरी तेच, कारण बाहेरून दिसते ती दुलई.

ताई, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. पलंगावरून दोन्ही हात हलवूनही एसी लागला नाही, बोळात गेल्यावर लागला. म्हणजे सेन्सरला पलंग दिसतच नाही. काचेतून आपल्याला आरपार दिसतं, या सेन्सरला नाही. त्या तरंगलांबीला साधी काच भिंतीसारखीच. तुमचा पलंग त्या काचेच्या बाथरूमच्या पलीकडे होता का?

आता सिस्टिम कशी असायला हवी ते सांगतो. चांगल्या जोडणीत दाराच्या चौकटीतही एक चुंबकी स्विच असतो. दार उघडून बंद झालं की सिस्टिम शोध घेते. त्यानंतर एकदा जरी हालचाल दिसली की खोलीत माणूस आहे असं धरून चालते, आणि पुढचं दार उघडेपर्यंत तो हिशेब बदलत नाही. कारण दार न उघडता माणूस जाणार कुठे? अशा खोलीत तुम्ही आठ तास ओंडक्यासारखं झोपलात तरी एसी बंद पडत नाही. तुमच्या खोलीत एकतर दाराचा स्विच बिघडलाय किंवा जोडलेलाच नाही, आणि सगळा कारभार नुसत्या टायमरवर चाललाय. पाऊण तास काही हललं नाही की बंद.

तो मेंटेनन्सचा माणूस खोटं बोलला नाही. त्याने एसी तपासला, एसी चांगलाच होता. त्याला "एसी चालत नाही" अशी तक्रार गेली असणार. तक्रार "मी झोपले की खोली रिकामी धरली जाते" अशी जायला हवी होती.

धागाकर्ती

अगदी बरोबर! बोळ, उजवीकडे काचेची बाथरूम, आणि तिच्या पलीकडे पलंग. म्हणजे मी काचेमागून हात हलवत होते. कोणी व्हिडिओ काढला नाही हे नशीब.

प्रतिसाद ३

कार्डाबद्दल. दोघंही खरं बोलतायत. चेक-इनला घेतात ते पेमेंट नसतं, प्री-ऑथरायझेशन असतं, म्हणजे रक्कम नुसती राखून ठेवतात. तुम्ही निघताना त्याच कार्डावर बिल केलं असतं तर त्या राखलेल्या रकमेतून ते वळतं झालं असतं. तुम्ही दुसरं कार्ड दिलंत, त्यामुळे जुना होल्ड तसाच लटकत राहिला. हॉटेलने तो मुद्दाम सोडवावा लागतो, नाहीतर बँकेची मुदत संपेपर्यंत वाट बघायची.

डेबिट कार्ड देऊ नका. क्रेडिट कार्डात मर्यादेचा भाग अडकतो, डेबिटमध्ये तुमचे स्वतःचे पैसे. निघताना काउंटरवर सांगा, "प्री-ऑथ रिलीज करा आणि स्लिप द्या." स्लिपवर ऑथरायझेशन कोड असतो, तो बँकेला सांगितला की टोलवाटोलवी थांबते. आणि ऑफिसला विचारा की किरकोळ खर्चाची हमीही तेच देतील का. काही कंपन्या तसं पत्र देतात, मग तुमचं कार्ड मागतच नाहीत.

प्रतिसाद ४

सगळा दोष सेन्सरला देऊ नका. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे सिद्ध झालेलं आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहारा देत राहतो. घरची उशी नेऊन बघा.

धागाकर्ती

माहिती छान आहे, धन्यवाद. पण डावा मेंदू पहारा देत होता म्हणून खोली तापली नाही ना. आणि तिसऱ्या रात्रीचं काय? तरी उशी नेईन.

प्रतिसाद ५

मी फ्रंट ऑफिसला काम केलंय. काही हॉटेलांत मिनीबारच्या ट्रेमध्ये सेन्सर असतात. बाटली ठरावीक वेळाहून जास्त बाहेर राहिली की आपोआप बिलात जाते, कोणी बघायला येत नाही. तुम्ही वाद घातलात ते बरंच केलंत, असे बाटल्यांचे वाद रोजचे आहेत. पण औषध मिनीबारमध्ये ठेवूच नका. आवाज नको म्हणून त्यातले बरेच कंप्रेसर नसलेले असतात आणि ते म्हणावे तसे थंड होत नाहीत. "औषधासाठी रिकामा फ्रिज हवा" असं बुकिंगवरच लिहून घ्या. औषध म्हटलं की सहसा नाही म्हणत नाहीत.

आता त्या चार ताऱ्यांबद्दल. राग मानू नका, पण तुमच्यासारख्या माणसांमुळेच ती सिस्टिम तशीच राहते. दर सोमवारी ते आकडे मीटिंगमध्ये वाचले जायचे. चार म्हणजे 'चांगलं', त्याखाली काय लिहिलंय ते कोणी उघडूनही बघत नसे. दोन दिले असते तर मॅनेजरचा फोन आला असता. तो रात्रीचा मुलगा तुमची तक्रार लॉगबुकात लिहून गेला असेलही, पण सकाळची शिफ्ट चार तारे बघून पुढे गेली असणार.

धागाकर्ती

राग नाही, लागलं मात्र. त्या मुलावर ओरडले म्हणून भरपाई केल्यासारखे तारे दिले असावेत. म्हणजे दोन्हीकडे चुकलं.

प्रतिसाद २ (पुन्हा)

फोनवर रिसेप्शनशी बोलून उपयोग नाही, ते "नोंद केली" म्हणतील. ईमेल करा आणि त्यात ड्युटी इंजिनिअर किंवा चीफ इंजिनिअर यांच्यासाठी असं स्पष्ट लिहा. मागचा खोली क्रमांक द्या. दोनच मागण्या करा: पलंग सेन्सरच्या थेट नजरेत असलेली खोली, आणि मुक्कामापुरती ती खोली सिस्टिममध्ये 'ऑक्युपाइड'वर, म्हणजे 'आत माणूस आहे'वर, लॉक करून ठेवणं. जिथे खोल्या मध्यवर्ती कॉम्प्युटरला जोडलेल्या असतात, तिथे हे कंट्रोल रूममधून पाच मिनिटांचं काम आहे. जोडलेल्या नसतील तर थर्मोस्टॅटवर जाऊन करावं लागतं, तेही होतं. फक्त पाहुण्याला पॅनेलवरून करता येत नाही, त्यामुळे बटणं दाबत बसू नका.

धागाकर्ती (चार दिवसांनी)

अपडेट. ईमेल केलं, वरचे शब्द जसेच्या तसे वापरून. दोन दिवस शांतता, मग खुद्द ड्युटी इंजिनिअरचा फोन! खोली क्रमांक ऐकून म्हणाले, त्या कोपऱ्यातल्या खोल्यांची रचना नंतर बदलली, बाथरूम मध्ये आली आणि सेन्सर जुन्याच जागी राहिला. इतका साधा प्रकार. तिथे दुसरा सेन्सर बसवायचं मंजूर आहे, कधी ते सांगता येणार नाही. क्रेडिट कार्ड आणि रिकामा फ्रिज दोन्ही बुकिंगवर टाकून घेतलं.

'ऑक्युपाइड'वर लॉक करायला त्यांच्या मॅनेजरची परवानगी लागते, ती "बघतो" म्हणाले. मात्र सरळ आकाराची, पलंग समोर दिसणारी खोली देतायत. फक्त ती लिफ्टला लागून आहे. आता काय करू? घाम की लिफ्टची घरघर?

प्रतिसाद २

लिफ्टशेजारची घ्या. आवाजावर कानात बोळे घालता येतात, बंद एसीवर काही घालता येत नाही. परवानगीचा पाठपुरावा मात्र सोडू नका, दुलईचा प्रश्न तिथेही आहेच. आणि पोहोचल्यावर बॅग उघडायच्या आधी दार लावून पलंगावर तासभर अजिबात न हलता पडून राहा. एसी बंद पडला तर लगेच खाली फोन करा. संध्याकाळी खोली बदलून मिळते, रात्री ३ वाजता द्यायला रिकामी खोलीही नसते आणि ठरवणारा माणूसही.

धागाकर्ती

तासभर न हलता? प्रवासातून आल्यावर? मी गजर लावूनच आडवी होते.